ओढ्यांतील पिलांची शिरगणती

मुंबईच्या बाजारांत रावस विकावयास येतो. त्यास इंग्रजींत 'इंडियन सामन' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळें सामन म्हटला कीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें रावसच उभा राहतो. परंतु हे दोन मासे एका कुळांतील नव्हेत. खरा सामन हा थंड प्रदेशांतील मासा होय. तो गोड्या पाण्याच्या ओढ्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं पुन्हां आपल्या जन्मस्थानीं येतो. हजारों अंड्यांतून शेवटीं अगदीं थोडे मासे परत येतात. मग बाकीचे कोठें व कशानें नाहींसे होतात? पाण्याखालीं चाललेला हा जमाखर्च मनुष्यास कसा कळावा? ह्या प्रश्नाचें उत्तर एका लहानशा ओढ्यावर मोठ्या चिकाटीनें शोधण्यांत आलें. त्याची हकीकत येथें थोडक्यांत देत आहों.

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ व्हँकूव्हर नांवाचें मोठें बेट आहे. त्याच्या पश्चिम अंगास कार्नेशन क्रीक हा ओढा समुद्रास मिळतो. आपल्याकडे क्रीक म्हणजे खाडी समजतात. तिकडे मात्र ह्या शब्दानें ओढा समजावयाचा. ह्या ओढ्याचें खोरें अवघें दहा-अकरा चौरस किलोमीटरांचें आहे. पाऊस कोंकणाप्रमाणें मुबलक, परंतु त्याचा भर हिवाळ्यांत. खोऱ्याचे उतार जुन्या, उंच वृक्षांनीं झांकलेले होते. त्या प्रांतांत लांकडाचा व्यापार मोठा, आणि सामन माशावरहि हजारों लोकांचा चरितार्थ चालतो. अरण्य तोडलें तर ओढ्यांतील माशांचें काय होईल, हा प्रश्न दोघांच्याहि पोटाचा होता. तो नुसत्या वादविवादानें सुटण्यासारखा नव्हता. म्हणून १९७० च्या सुमारास कॅनडाच्या मत्स्यखात्याच्या शास्त्रज्ञांनीं ह्या ओढ्यावर निरीक्षण सुरू केलें. प्रथम कांहीं वर्षें झाडांस हात न लावतां केवळ मोजदाद करावयाची, मग तोड होऊं द्यावयाची, आणि त्यानंतरहि मोजदाद चालूच ठेवावयाची, अशी ही योजना होती. तोड १९७६ पासून १९८१ पर्यंत झाली व तींत खोऱ्याचा शेंकडा ४१ भाग उघडा पडला.

आतां ह्या माशाचा जीवनक्रम पाहूं. कार्नेशन ओढ्यांत कोहो व चम ह्या दोन जातींचे सामन येतात. शरद ऋतूंतील पावसानें ओढा भरला कीं ते समुद्रांतून वर चढतात. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनीं तळाचे खडे उडवून खळगा करते, त्यांत अंडीं घालते आणि खडे लोटून तीं झांकून टाकते. पुढें थोड्याच दिवसांत नर व मादी दोघेंहि मरतात. आईबापांचें दर्शन पिलांच्या नशिबीं नसतें. खड्यांच्या फटींतून वाहणारें स्वच्छ पाणी अंड्यांस प्राणवायु पुरवितें, आणि वसंतांत पिलें खड्यांतून बाहेर पडतात. चमचीं पिलें लगेच समुद्राची वाट धरतात. कोहोचीं पिलें मात्र एक वर्ष, कित्येक तर दोन वर्षें, ओढ्यांतच काढतात. मग एका वसंतांत त्यांचें अंग रुपेरी होतें, खारें पाणी सोसण्याची शक्ति त्यांस येते, आणि जन्माच्या पाण्याचा वास जणूं स्मरणांत साठवून तीं समुद्रास निघतात. समुद्रांत सुमारें दीड वर्ष राहून, जगलीं वांचलीं तर, तीं परततात.

ह्या प्रवाशांची गणती करावयाची ती ओढ्याच्या मुखापाशीं. तेथें आडवें कुंपण घालतात. त्याच्या फटींतून पाणी जातें, पण मासा जात नाहीं. तो कुंपणाच्या कडेनें सरकत एका पेटींत येतो. निरीक्षक नेमानें जाऊन पेटींतील पिलें मोजतात, त्यांची लांबी व वजन टिपून घेतात, आणि कांहींचे दोनतीन खवले काढून ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखालीं खवल्यावर वलयें दिसतात. हिवाळ्यांत वाढ मंद असल्यानें तेथें वलयें दाट होतात, आणि त्यांवरून पिलाचें वय समजतें. एवढें झालें कीं पिलांस कुंपणाच्या खालच्या अंगास सोडून देतात. शरदांत वर चढणाऱ्या मोठ्या माशांचीहि अशीच नोंद होते. म्हणजे किती गेले व किती आले, हे दोन्ही आंकडे एकाच वहींत येतात.

मोठ्या प्रवाहांत असें कुंपण पुरापुढें टिकत नाहीं. तेथें तरंगता सापळा ठेवतात. परंतु त्यांत सर्व पिलें न सांपडतां कांहींच सांपडतात. मग एकंदर संख्या कशी काढावी? येथें त्रैराशिक उपयोगी पडतें. समजा, १०० पिलांस खूण करून तीं सापळ्याच्या बरींच वर सोडलीं, आणि त्यांतील २० पुन्हां सांपडलीं. ह्याचा अर्थ सापळा पांचांतील एक पिलूं पकडतो. तर मग बिनखुणेचीं ३०० पिलें सांपडलीं असतां एकंदर सुमारें १५०० पिलें तेथून गेलीं असलीं पाहिजेत. मात्र खुणेमुळें पिलूं मरतां कामा नये, व खुणेचें आणि बिनखुणेचें पिलूं सारख्याच रीतीनें वागलें पाहिजे. नाहींतर गणित बरोबर असूनहि उत्तर चुकेल. अलीकडे कित्येक ओढ्यांवर पिलाच्या अंगांत सुमारें १२ मिलिमीटर लांबीची कांचेची बारीक नळी घालतात. तिच्यांत एक क्रमांक साठविलेला असतो. पाण्यांत बसविलेल्या तारेच्या वेटोळ्याजवळून मासा गेला कीं यंत्र तो क्रमांक वाचतें. अशा रीतीनें एकेका पिलाचा माग ठेवतां येतो.

कार्नेशन ओढ्यावर वर्षानुवर्षें केलेल्या नोंदींतून काय निघालें? सांवली गेल्यामुळें पाणी बाराहि महिने अधिक उबदार झालें. ही वाढ डिसेंबरांत ०.७ अंश, तर ऑगस्टांत ३.२ अंश सेल्सिअस भरली. उबेमुळें कोहोचीं पिलें लवकर बाहेर पडूं लागलीं व त्यांस वाढीसाठीं सहा आठवड्यांपर्यंत अधिक काळ मिळूं लागला. शरदापर्यंत तीं पूर्वींपेक्षां मोठीं झालीं, आणि अंगानें मोठीं असल्यामुळें त्यांतील अधिक पिलें हिवाळा पार पडून जगलीं. परिणामीं समुद्रास जाणाऱ्या एक वर्षाच्या पिलांची संख्या दुप्पट झाली! ह्याच वेळीं जर शास्त्रज्ञांनीं वही मिटून घरचा रस्ता धरला असता, तर झाडें तोडणें माशांस हितकर आहे, असाच निकाल जगापुढें गेला असता.

परंतु वही मिटली नव्हती. पुढील पानें निराळें सांगत होतीं. दोन वर्षांचीं पिलें कमी झालीं. उबदार वसंतामुळें पिलें नेहमींपेक्षां आधीं समुद्रास जाऊं लागलीं, आणि त्यामुळेंच बहुधा समुद्रांत त्यांतील कमी पिलें तगलीं, असें अनुमान निघालें. दुप्पट पिलें गेलीं म्हणून दुप्पट मासे आले, असें झालें नाहीं. शिवाय ओढ्याचे कांठ ढांसळून बारीक वाळू खड्यांच्या फटींत भरली व अंड्यांस वाहतें पाणी पुरेसें मिळेना. पूर्वीं कोहोच्या शंभर अंड्यांतून सुमारें २९ पिलें बाहेर येत, तीं पुढें १६ वर आलीं. चमचीं सुमारें २२ येत, तीं बाराहून कमी झालीं. कोहोचें नुकसान उबदार पाण्याच्या लाभाखालीं कांहीं काळ झांकलें गेलें. चमचीं पिलें मात्र ओढ्यांत राहत नसल्यानें वाढीचा तो लाभ त्यांस मिळालाच नाहीं. हानि तेवढी पदरीं आली, आणि ती जात ओढ्यांत घटत गेली.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. एका ठिकाणचा व एका वर्षाचा आंकडा खरा असूनहि फसवूं शकतो. अंड्यापासून परत येणाऱ्या माशापर्यंत प्रत्येक टप्प्यावर गणती केली, तीहि अरण्य उभें होतें तेव्हांपासून, म्हणूनच नफा कोठें झाला व तोटा कोठें झाला हें कळूं शकलें. हें ज्ञान कागदावरच राहिलें नाहीं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत १९९५ सालीं अमलांत आलेल्या वनविषयक नियमांत माशांच्या ओढ्यांकांठीं झाडांचे पट्टे राखण्याची जी व्यवस्था झाली, तीस ह्या लहानशा ओढ्यावरील निरीक्षणांचा मोठा आधार मिळाला.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडे सामन नाहीं. परंतु मृगाचा पाऊस पडून ओहोळ वाहूं लागले कीं कोंकणांत चढणीचे मासे वर येतात, हें तुमच्यापैकीं कित्येकांनीं डोळ्यांनीं पाहिलें असेल. त्या दिवसांत लोक खोईन लावून किंवा जाळीं टाकून ते पकडतात, आणि पोटांत गाभोळी असलेली मादी हातीं लागली कीं घरांत आनंद होतो. ते किती चढले, किती उतरले, व गेल्या सालापेक्षां ह्या साली कमी आले कीं अधिक, हें मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवतो. आजोबा म्हणतात पूर्वीं मासे पुष्कळ येत; पण पुष्कळ म्हणजे किती, ह्याचें उत्तर त्यांजपाशींहि नसतें. त्यासाठीं महाग यंत्रें नकोत. एक वही, एक पट्टी, आणि पाऊस पडला तरी रोज ओहोळावर जाण्याचा नेम, एवढें पुरे. माशांस धक्का न लावतां, वडील माणसांस बरोबर घेऊन, पहिल्या पावसाची तारीख व त्या दिवशीं काय दिसलें एवढें जरी कोणी ह्या सालापासून लिहूं लागला, तरी दहा वर्षांनीं त्या ओहोळाविषयीं त्याच्याइतकें ज्ञान गांवांत दुसऱ्या कोणापाशीं असणार नाहीं.