लघु प्रवाळपेटीतील शेवाळाचा उद्रेक व तिची पुनःस्थापना

सुमारे वीस लिटर खारे पाणी मावेल एवढ्या काचपेटीत काही प्रवाळ, समुद्री गोगलगायी आणि एखादा लहान मासा ह्यांचा संसार चालविता येतो. मोठ्या मत्स्यालयात पाण्याचा साठा विपुल असल्यामुळे एखादी चूक पचून जाते. लघु पेटीत ती लवकरच शेवाळाच्या रूपाने प्रकट होते. शेवाळ नाहीसे करणे हेच मग ध्येय मानले जाते. वस्तुतः शेवाळ हे मूळ विकृतीचे चिन्ह होय, आणि ते कसे काढावे हा प्रश्न त्याच्या कारणापासून वेगळा करता येत नाही.

संस्कृत ‘शैवाल’पासून आलेला मराठीतील ‘शेवाळ’ हा शब्द मोठा व्यापक आहे. विहिरीच्या पायरीवरील निसरडा थर आणि समुद्रकाठच्या खडकावरील हिरवी झालर ह्या दोहोंना तो सारखाच लागू पडतो. व्यवहारात ही व्यापकता सोयीची असली, तरी उपचाराच्या दृष्टीने ती घातक ठरते. नव्या पेटीत वाळूवर बसणारी तपकिरी भुकटी बहुधा करंडक वनस्पतींची असते व पुष्कळदा ती आपोआप ओसरते. खडकाला घट्ट धरून वाढणारे हिरवे तंतू हे खरे शैवाल. तिसरा प्रकार म्हणजे जांभळट-तांबडा, बुळबुळीत, चादरीसारखा सोलून निघणारा थर. त्यास नील-हरित शैवाल म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो सूक्ष्मजंतूंचा असतो. जंतुनाशक औषध त्याच्यावर चालते; परंतु त्याच औषधाने पेटीतील उपकारक सूक्ष्मजंतूंनाही धोका पोहोचू शकतो. म्हणून उपाय योजण्यापूर्वी वाढ कोणत्या जातीची आहे ह्याचा निर्णय केला पाहिजे.

उद्रेकाचे कारण प्रायः अन्नाच्या हिशेबात सापडते. माशांची विष्ठा व न खाल्लेले अन्न ह्यांपासून अमोनिया निर्माण होतो. सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. अन्नातूनच फॉस्फेटही येते, आणि ते खडक व वाळू ह्यांच्या पृष्ठभागावर धरले जाऊन पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहते. येथे एक विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पेटी शेवाळाने भरलेली असतानाही पाण्याच्या परीक्षेत नायट्रेट व फॉस्फेट जवळजवळ शून्य आढळू शकतात. ह्याचा अर्थ ती द्रव्ये नाहीत असा नसून, शेवाळाने ती शोषून घेतली आहेत असा असतो. अशा पेटीची शिल्लक पाण्यात नव्हे, तर शेवाळाच्या देहात साठलेली असते.

ह्यावरून पुनःस्थापनेचे पहिले कार्य निश्चित होते. शेवाळ पेटीतच मारून टाकल्यास त्यातील द्रव्ये कुजून पुन्हा पाण्यात येतात, आणि त्या कुजण्यात प्राणवायूही खर्ची पडतो. ते हाताने वा चिमट्याने उपटून बाहेर काढले, तर शिल्लकही त्याबरोबर बाहेर जाते. सुटा होणारा खडक पेटीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत घासावा. तंतूंचे तुकडे पेटीत पसरू देऊ नयेत. त्याचबरोबर अन्नाचे प्रमाण घटवावे व प्रकाशाचा अवधी कमी करावा.

दुसरे कार्य पाणी बदलण्याचे. लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या वीस लिटरांच्या पेटीत दर आठवड्यास दोन लिटर पाणी बदलले, तर पहिल्या खेपेनंतर प्रमाण ३६ वर येते. नवी भर पडली नाही असे धरल्यास सातव्या खेपेनंतर ते सुमारे १९ होते. ही गती मंद वाटते, परंतु मंदपणातच प्रवाळांचे संरक्षण आहे. क्षारतेची गोष्टही तशीच. पाणी वाफ होऊन उडते, मीठ मागे राहते. वीस लिटरांतून एक लिटर उडताच हजारी ३५ ही क्षारता जवळजवळ ३७ वर जाते. म्हणून ही तूट रोजच्या रोज क्षारविरहित शुद्ध पाण्यानेच भरून काढावी; खारे पाणी घातल्यास क्षारता वाढतच जाईल.

तिसरे अंग चरणाऱ्या प्राण्यांचे. ह्याचे महत्त्व समुद्रानेच दाखवून दिले आहे. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील लांब काट्यांचे काळे सागरी साळू साथीने मोठ्या प्रमाणावर मेले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीमुळे आधीच विरळ झाले होते, व १९८० च्या वादळाने प्रवाळही मोडले होते. पुढील दशकात तेथील प्रवाळांचे आच्छादन निम्म्याहून अधिक होते ते पाच टक्क्यांच्याही खाली आले, आणि त्यांची जागा शेवाळाने घेतली. लघु पेटीत हे काम गोगलगायी करतात. मात्र त्यांची विष्ठा पेटीतच राहते. सबब त्या उपटणीस साहाय्यक होत, पर्याय नव्हेत.

शेवटी, पोषकद्रव्ये शून्यावर आणण्याचा अट्टाहासही तितकाच घातक आहे. प्रवाळाच्या ऊतींत सहजीवी शैवाल राहते व त्यालाही ह्याच द्रव्यांची गरज असते. नायट्रेट मुबलक असून फॉस्फेटची उपासमार झाली, तर प्रवाळ विरंजनास अधिक लवकर बळी पडतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीडेनमान प्रभृतींच्या संशोधनात दिसून आले. तेव्हा एका शैवालाचा नाश करताना दुसऱ्याचे पोषण राखणे, हाच पुनःस्थापनेचा खरा अर्थ होय.

भारतात ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. खडकी प्रवाळांचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून समावेश आहे. मालवणच्या किंवा अन्य किनाऱ्यावरून ते उचलून आणणे हा गुन्हा ठरतो. पेटीत मेलेल्या प्रवाळाची भरपाई समुद्रातून करावयाची नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे पेटी रिती करून नव्याने मांडण्यापेक्षा आहे ती सावकाश सावरणे हाच मार्ग उरतो.