कूलंट कमी होतंय? आधी गळती शोधा

गाडीतलं कूलंट सारखं कमी होऊ लागलं की बहुतेक जण टाकीत पाणी ओततात आणि विषय मिटवतात. पण ही बंद यंत्रणा आहे. कूलंट संपतंय म्हणजे ते कुठूनतरी जातंय. बारीक गळतीचा थेंब गरम इंजिनावर जागीच सुकतो आणि गाडी थंड झाली की आतला दाबच उरत नाही, म्हणून गाडीखालची फरशी कोरडीच दिसते. अशी गळती पकडायची तर थंड इंजिनाला बाहेरून दाब द्यायला हवा. हातपंप, काट्याचा गेज आणि कूलंटच्या झाकणाच्या जागी बसणारा अडॅप्टर एवढ्या साहित्यात हे घरी करता येतं. फक्त दोन मर्यादा ओलांडायच्या नाहीत.

पहिली मर्यादा तापमानाची. दाबाखालचं कूलंट शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण झाकण उघडताच भसकन उकळून अंगावर उडतं. शिट्टी न काढता कुकर उघडण्यातलाच हा प्रकार. म्हणून गाडी काही तास उभी ठेवून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं. दुसरी मर्यादा दाबाची. झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ बार, म्हणजे साधारण १३ ते १६ पीएसआय, असा आकडा असतो. त्यापुढे पंप मारू नये. टायरमध्येच याच्या दुप्पट हवा असते, त्यामुळे हवा भरायचा कॉम्प्रेसर इथे जोडला तर रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटू शकते. दाब देऊन १०-१५ मिनिटं थांबावं. काटा उतरला तर होजच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, वॉटर पंपाखालचं छोटं भोक आणि डॅशबोर्डखालचं कार्पेट टॉर्चने पाहावं. सगळं कोरडं असूनही काटा उतरत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. अडॅप्टर काढण्याआधी दाब सोडायला विसरू नये.

काही गळत्या इंजिन तापल्यावरच उघडतात, हा आक्षेप खरा आहे. त्यामुळे काटा स्थिर राहिला म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही. झाकणही वेगळं तपासावं लागतं. मग मेकॅनिककडेच का जाऊ नये? दुरुस्तीला जावंच. पण गळती कुठे आहे हे माहीत असलं, तर अंदाजाने पार्ट बदलण्याचा खर्च वाचतो. सांडलेलं कूलंट मात्र लगेच पुसा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असलं तरी मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणं ठरू शकतं.