मीटरचा निळा उजेड

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कविता लिहावी, फार तर एखाद्या कादंबरीचे रसग्रहण करावे, अशी रूढ समजूत आहे. मोटरसायकलच्या मीटरमधील दिव्याचा रंग हा काही त्यात बसणारा विषय नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही आपल्यापैकी निम्मे मित्र मोटरसायकलवरूनच कॉलेजला येतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या मीटरमध्ये आज निळा, जांभळा नाहीतर हिरवा उजेड दिसतो. तो कसा बदलतात हे अनेकांना ठाऊक आहे. तो बदलल्याने काय होते याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. मीही केला नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात आहे. दहा हजार घरांची ही वसाहत २००६ साली विडी कामगारांच्या ताब्यात आली. आई विड्या वळते. अप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका कारखान्यात यंत्रमागावर टॉवेल विणतात. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे हे आपण अभिमानाने सांगतो. तो टॉवेल विणणारा माणूस बारा तासांची पाळी संपवून कानात मागाचा खडखडाट घेऊन बाहेर पडतो, तेव्हा अक्कलकोट रस्त्यावर अंधार पडलेला असतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच.

सुट्टीत मी एमआयडीसीतल्या एका गॅरेजात हाताखाली काम करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या पगारातून अप्पांच्या जुन्या मोटरसायकलला काहीतरी नवे करावे, असे मनात आले. टायर घेण्याइतके पैसे नव्हते. निळे एलईडी दिवे स्वस्त होते. गॅरेजवाले मामा म्हणालेही, “का बे, अप्पाची गाडी लग्नाच्या मांडवात न्यायचीय का?” मी हसण्यावारी नेले.

आता मीटरची रचना पाहू. जुन्या गाड्यांच्या मीटरमध्ये तबकडीच्या मागे बारा व्होल्टचे छोटे फिलामेंट बल्ब रबराच्या होल्डरमध्ये बसवलेले असतात. काही मीटरमध्ये त्यांचा उजेड मागून आकड्यांतून झिरपतो, तर काहींत तबकडीच्या कडेने आत येतो. होल्डर मागून ओढला की बल्बसकट हातात येतो. मीटर फोडावे लागत नाही. ही सोय ध्यानात ठेवावी, कारण उगाच काच उघडून काटा उपसला तर तो पुन्हा नेमका शून्यावर बसवणे कठीण, आणि मग मीटर कायमचा खोटा वेग दाखवतो. नव्या गाड्यांत दिवे सर्किटच्या पट्टीवरच डागलेले असतात. तेथे हात घालणे हे शिकाऊ माणसाचे काम नव्हे, आणि गॅरंटीतली गाडी असेल तर मुळीच घालू नये.

रंग बदलण्याच्या रीती दोन. पहिली, बल्बवर रंगीत टोपी किंवा जिलेटीन कागद बसवणे. फिलामेंटच्या उजेडात सर्व रंग असतात. कागद त्यांतला एकच पुढे जाऊ देतो व बाकीचे अडवतो. मात्र फिलामेंटच्या उजेडात तांबूस-पिवळा भाग अधिक आणि निळा फार थोडा. म्हणून निळा कागद लावला की उजेड मळकट व मंद येतो. दुसरी रीत म्हणजे बल्ब काढून त्या जागी एलईडी घालणे. एलईडी मुळातच एका रंगाचा उजेड देतो. येथे नवशिके फसतात ते असे की, तबकडीवर आधीच हिरवा पडदा असेल आणि मागे लाल एलईडी घातला, तर मीटर जवळजवळ काळाच राहतो. हिरव्या पडद्यातून लाल उजेड जायचा कसा?

एलईडीचे आणखी तीन हट्ट आहेत. पहिला, वीज त्यातून एकाच दिशेने वाहते. पेटला नाही तर उलटा करून बसवावा. ज्या गाड्यांत डाव्या-उजव्या इंडिकेटरला मिळून मीटरमध्ये एकच दिवा असतो, तेथे वीज कधी इकडून तर कधी तिकडून येते. त्या जागी साधा एलईडी घातला तर तो एकाच बाजूला लुकलुकतो. दुसरा हट्ट रेझिस्टरचा. गाडी चालू असताना बॅटरीपाशी सुमारे चौदा व्होल्ट असतात. पिवळ्या एलईडीला दोनच लागतात. उरलेले बारा व्होल्ट रेझिस्टरने झेलायचे. एक हजार ओहमचा रेझिस्टर घातला तर बारा मिलिअँपिअर वीज वाहते, आणि दोन हजार दोनशेचा घातला तर साडेपाच. उजेड कमी-जास्त करण्याची किल्ली ती हीच. तिसरा हट्ट जुन्या गाड्यांपुरता. त्यांतल्या अनेकांत मीटरचा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोवर चालतो. ती वीज दिशा बदलत राहते, त्यामुळे गाडी हळू चालताना एलईडी थरथरतो. चार डायोडचा ब्रिज जोडला की ही थरथर बरीच कमी होते.

हे सर्व मी नीट केले. निळा उजेड झळाळून पडला. घरकुलातली पोरे गाडीभोवती जमली. अप्पांनी मीटरकडे पाहिले, “छान दिसतंय की,” म्हणाले आणि पाळीला गेले.

नवव्या दिवशी रात्री ते उशिरा आले. पँटचा गुडघा धुळीने माखलेला होता. रात्रपाळीला निघालेला एक कामगार सायकलवरून समोरून येत होता. अप्पांच्या गाडीच्या झोतात त्याचे डोळे दिपले आणि तो रस्त्याकडेच्या खडीत जाऊन पडला. त्याच्या कोपराला खरचटले, एवढ्यावर निभावले. अप्पांनीच उतरून त्याला उठवले, सायकलचे हँडल सरळ करून दिले.

“अप्पर लागला व्हता. मला कळलंच न्हाई,” अप्पा म्हणाले. आणि मग थोड्या वेळाने, “आठ दिस झालं, खाली मीटर बघितला की पुढचा रस्ता काळा व्हतो.”

“मग सांगितलं का नाही तुम्ही, अप्पा?”

“तू कॉलेजात शिकलालास की. तुला ठाऊक असंल म्हणून गप बसलो.”

वाचकहो, हे वाक्य मला कोणत्याही शिक्षेपेक्षा जड गेले. ज्या शिक्षणावर विसंबून त्यांनी आठ दिवस अंधारात गाडी चालवली, ते शिक्षण मी गाडीला हात लावताना वापरलेच नव्हते. मानसशास्त्राच्या तासाला संवेदनांचे प्रकरण आम्हांला शिकवून झाले होते. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिले होते.

त्या प्रकरणात काय होते? आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी सुमारे साठ लाख. त्या उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी सुमारे बारा कोटी; त्या अंधारात पाहतात, पण त्यांना रंग कळत नाही. दंडपेशींत ऱ्होडोप्सिन नावाचे द्रव्य असते. उजेड पडला की ते मोडते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. बिघडायला मात्र एक लखलखीत दिवा क्षणभर पुरतो. या दंडपेशी सर्वांत हळव्या असतात त्या निळसर-हिरव्या उजेडाला, आणि लाल उजेडाची त्यांना जवळजवळ दखलच नसते. संध्याकाळी अंगणातली तांबडी जास्वंद आधी काळी पडते आणि तिची हिरवी पाने मात्र दिसत राहतात, ते यामुळेच. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने याची नोंद केली, म्हणून या घटनेला त्याचेच नाव आहे.

अप्पांच्या डोळ्यांचे कोडे येथे उलगडते. मी त्यांच्यासमोर नेमका तोच रंग झळाळत ठेवला होता, ज्याने अंधारातली नजर सर्वांत लवकर बिघडते. शिवाय वय वाढते तसे डोळ्याच्या भिंगात प्रकाश अधिक पसरतो, म्हणून पन्नाशीच्या माणसाला निळे आकडे धुरकट दिसतात. माझ्या एकोणीस वर्षांच्या डोळ्यांना जे छान वाटले, ते त्यांच्या डोळ्यांना धुके होते.

आणि अप्परचे काय? अप्पर लागल्याची खूण म्हणून मीटरमध्ये एक निळा दिवा असतो. जगभर तो निळाच ठेवतात, म्हणजे कोणत्याही गाडीवर बसलेल्या माणसाला तो ओळखता यावा. न्यूट्रल हिरवा, इंडिकेटर हिरवा किंवा पिवळा, धोक्याची खूण लाल. ही दिव्यांची भाषाच आहे. मी सगळी तबकडी निळी केली आणि त्या भाषेतला एक शब्द पुसून टाकला. निळ्यात निळा दिसणार कसा? त्याची किंमत मोजली ती समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने.

मग निळ्याचे एवढे वेड आले कोठून? लाल एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी अमेरिकेत तयार केला. निळा मात्र पुढे तीस वर्षे कोणाला नीट जमत नव्हता. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या जपानी वंशाच्या तिघांनी तो साधला, आणि त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. जे उशिरा आले ते नवे आणि भारी, असे समीकरण झाले. फोक्सवॅगननेही १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोटारींत निळा उजेड व लाल काटे दिले होते. पुढे त्यांनी पांढरा उजेड स्वीकारला. उलट बीएमडब्ल्यूने दीर्घकाळ नारिंगी उजेड ठेवला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना व पाणबुडीतल्या खलाशांना लाल उजेड देत असत, तो अंधारातली नजर टिकावी म्हणूनच. पण लाललाही दोष आहेत: त्यात नकाशावरच्या लाल रेघा दिसेनाशा होतात, आणि मीटरमध्ये धोक्याचा लाल दिवा हरवतो.

म्हणून माझ्या अल्पमतीला जे समजले ते असे. रंग बदलायचाच असेल तर मंद पिवळा किंवा नारिंगी निवडावा, तोही मोठा रेझिस्टर घालून, आकडे जेमतेम वाचता येतील इतकाच. अप्पर, न्यूट्रल आणि इंडिकेटर यांचे दिवे मुळीच बदलू नयेत. काम झाल्यावर दिवसा नव्हे तर रात्री, दिवे नसलेल्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी; अप्पर लावून खूण ओळखू येते का, ते तपासावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत परस्पर बदल करण्यावर निर्बंध आहेत, हेही विसरू नये. आणि सर्वांत आधी, ती गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला विचारावे.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलो, तेव्हा मामांनी काही न विचारता एक डबी पुढे केली. अप्पांच्या मीटरमधले जुने बल्ब त्यांनी त्या दिवशीच उचलून ठेवले होते. “येशील परत, ठाऊक होतं बे,” एवढेच ते म्हणाले. ते पिवळट बल्ब मी पुन्हा बसवले. रात्री अप्पांच्या मागे बसून एमआयडीसीपासून कुंभारीपर्यंत आलो. त्यांनी एकदा अप्पर लावून पाहिला. कोपऱ्यात निळा ठिपका उजळला. समोरून सायकल येताना दिसली, तसा त्यांनी डिपर मारला.