सिद्दी समाजाचे नृत्य

माढ्याहून उत्तरेस गेले म्हणजे परांड्याचा किल्ला लागतो. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबराने दुसऱ्या मूर्तझा निजामशहास गादीवर बसविले आणि परांड्यास काही काळ राजधानीचा मान मिळाला. अंबर जन्माने हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडील. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला, आणि १६२६ मध्ये वारला तेव्हा निजामशाहीचा सर्वाधिकारी होता. इतिहासाच्या तासाला त्याची युद्धपद्धती व महसुलाची व्यवस्था मुलांना सांगितली जाते. परंतु त्याच्यासारखी जी असंख्य आफ्रिकी माणसे शिपाई, खलाशी वा गुलाम म्हणून समुद्र ओलांडून आली, त्यांनी बरोबर काय आणले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

सामानसुमान आणणे त्यांच्या हाती नव्हते. मायबोलीही काही पिढ्यांत मागे पडली. उरला तो अंगात मुरलेला ताल. या लोकांच्या वंशजांस आज सिद्दी म्हणतात. मुरूडजवळच्या जंजिऱ्याचे नबाब याच समाजाचे. त्यांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. मात्र नृत्याची परंपरा पाहावयाची तर राजवाड्याकडे नव्हे, गरीब वस्त्यांकडे वळले पाहिजे.

गुजरातेत भरूच जिल्ह्यातील रतनपूर येथे बावा गोर या पीराचा दर्गा आहे. गीरच्या रानालगत जांबूर नावाचे सिद्द्यांचे गाव आहे. तेथील सिद्दी आपल्या नृत्यास ‘धमाल’ किंवा ‘गोमा’ म्हणतात. स्वाहिली व तिच्या भगिनीभाषांत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल. ढोलाभोवती होणाऱ्या नाचासही तोच शब्द आहे. बोलण्याची भाषा गुजराती झाली, पण हा शब्द टिकला. गाणी पीराच्या व ईश्वराच्या स्तुतीची असतात. आरंभ बैठकीत, संथ लयीत होतो. एक जण ओळ उचलतो आणि बाकीचे ती झेलतात, जसे भजनात होते. पुढे लय चढते, मंडळी उठतात, पायांवर उभा असणारा मुगरमान हा मोठा ढोल व मुसिंदो हा दुतोंडी ढोल घुमू लागतो. नारळाच्या करवंटीचा खुळखुळा वाजतो; त्याचे नाव माई मिश्रा, हे बावा गोरांच्या भगिनीचे नाव होय. शेवटी एखादा नर्तक नारळ उंच उडवून तो डोक्यावर झेलून फोडतो. (हा भाग मुलांना सांगावा, करू देऊ नये.)

या वाद्यमेळात मलुंगा नावाचे एक वाद्य आहे. ते साक्षात धनुष्यच. त्याला भोपळा बांधलेला असतो व तारेवर काडीने आघात करून ते वाजवितात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी ब्राझील देशातही याच जातीचे वाद्य रुजविले आहे. सोलापूरकडील शिक्षकास यात एक ओळखीची खूण सापडेल. आपली लेझीम हीदेखील मूळची धनुष्यच. फार्सीत ‘लेझम’ म्हणजे व्यायामासाठी वापरावयाची, दोरीच्या जागी साखळी असलेली कमान. शस्त्राचे वाद्य होणे, ही वाट दोन्हींकडे चालली गेली आहे.

देवाणघेवाणीचे याहूनही बोलके उदाहरण कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर व हल्याळकडे आढळते. तेथील सिद्दी हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे आहेत. त्यांची बोली कोकणी वळणाची असून तीत मराठी व कानडी शब्द मिसळले आहेत. पोकळ लाकडावर कातडे मढविलेला ‘दमाम’ हा ढोल पुरुष वाजवितात. आणि त्या समाजाच्या स्त्रिया फुगडी घालतात! आपल्याकडे नागपंचमीला व गौरीच्या रात्री मुली घालतात त्याच नावाची ही फुगडी. आफ्रिकेचा ढोल इकडे राहिला आणि इकडची फुगडी त्यांच्या अंगणात गेली. कोणी कोणास दिले याचा हिशेब कोणी ठेविला नाही.

या शतकाच्या आरंभापासून गुजरातच्या सिद्दी कलावंतांनी परदेशांतही आपले प्रयोग केले आहेत. प्रेक्षकांची भाषा त्यांना येत नाही, त्यांची प्रेक्षकांना येत नाही. तरी ढोलाची लय चढू लागली की टाळ्या आपोआप तालावर पडतात. मात्र या आनंदास एक बोचरी बाजू आहे. नवस फेडताना, उरुसात जे भक्तीने होते, ते पर्यटकांपुढे मोरपिसे बांधून, तोंडे रंगवून थोड्या वेळात उरकावे लागते. टाळ्या देणारा प्रेक्षकच बाहेर रस्त्यावर त्यांच्या केसांकडे व वर्णाकडे पाहून हसतो. शतकानुशतके याच देशात राहूनही ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ हा प्रश्न सिद्दी मुलांचा पाठ सोडीत नाही.

याचा संबंध आपल्या शाळांशी आहे. स्नेहसंमेलनात ‘आफ्रिकेचा नाच’ म्हणून मुलांच्या तोंडाला काजळी फासून, कमरेला पाला बांधून काही निरर्थक आरोळ्या ठोकावयास लावण्याची रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. प्रेक्षक हसतात, पण त्या मुलांना आफ्रिकेविषयी काय समजले? काजळीऐवजी ताल घेतला तर सर्व साहित्य गावातच आहे. हलगी आहे, धनगरांचा ढोल आहे, करवंटीत खडे भरून खुळखुळा होतो. मुलांस गोलात बसवावे. एकाने आपल्याच भजनाची किंवा ओवीची ओळ म्हणावी, इतरांनी ती झेलावी. संथ सुरुवात करून हळूहळू लय वाढवावी आणि ती चढल्यावर उठू द्यावे. कोणते पाऊल टाकावे हे सांगावे लागत नाही. मग फळ्यावर नकाशा लावून इथिओपिया, रतनपूर, यल्लापूर व परांडा ही ठिकाणे दाखवावीत, आणि मुलींनी फुगडी सुरू करावी.