टाका लहान, पण निर्णय मोठा



माण तालुक्यातल्या एका बचत गटाची बैठक संपली. सगळ्या गेल्या, पण एक ताई मागं थांबल्या. कॅन्सरमुळं त्यांचं एक स्तन काढलेलं आहे. मोबाईलवर त्यांनी जाहिरात पाहिली होती, ‘लहान छेद, खूणही दिसत नाही.’ गटातून कर्ज काढून हे ऑपरेशन करावं का, असं त्यांनी हळूच विचारलं. यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून आज यावरच बोलूया.

या ऑपरेशनात छातीत सिलिकॉनची पिशवी बसवतात. तिला इम्प्लांट म्हणतात. तिच्यात सिलिकॉनचा घट्ट गर किंवा मिठाचं पाणी असतं. काखेत किंवा स्तनाखालच्या घडीत काही सेंटिमीटरचा छेद घेतात. काखेतून करताना बऱ्याचदा दुर्बीण वापरतात. मिठाच्या पाण्याची पिशवी रिकामी आत सरकवून मग भरता येते, म्हणून तिला छेद आणखी लहान पुरतो.

पण ही रीत मुख्यतः स्तन शाबूत असलेल्या बाईसाठी आहे. स्तन काढल्यावर कातडी कमी पडते. मग बऱ्याचदा आधी फुगवायची पिशवी बसवून कातडी हळूहळू ताणावी लागते आणि नंतर कायमची पिशवी बसवतात. किरणोपचार झाले असतील तर त्रासाची शक्यता वाढते. त्या ताईंना आम्ही हेच आधी सांगितलं.

दुसरी गोष्ट. छेद लहान असला तरी आतलं काम लहान नसतं. भूल द्यावी लागते. काही आठवडे हंडा, वैरणीचा भारा उचलता येत नाही. पिशवी जन्मभर टिकेलच असं नाही. ती फुटू शकते, भोवतीचा पापुद्रा आवळून स्तन कडक होऊ शकतं, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. २०१० मध्ये फ्रान्समधल्या एका कंपनीनं कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरल्याचं उघड झालं. २०१९ मध्ये खरबरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्या एका दुर्मिळ कॅन्सरमुळं बाजारातून परत घेतल्या गेल्या.

आपल्याकडं मिरजेत वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला, तेव्हापासून लांबलांबचे रुग्ण तिथं येतात. डॉक्टर जवळ आहेत, तर प्रश्न विचारूया. तुम्ही प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी घेतली आहे का? पिशवी कोणत्या कंपनीची? तिचा नंबर असलेलं कार्ड मिळेल का? पुढच्या तपासण्यांचा खर्च किती? महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

ऑपरेशन नको असेल तर ब्रामध्ये घालायचं कृत्रिम स्तनही मिळतं. त्याला टाका लागत नाही.

त्या ताईंनी कर्जाचा अर्ज सध्या बाजूला ठेवला आहे. आधी त्या आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटणार आहेत. त्यांनी ऑपरेशन करायचं ठरवलं तर आम्ही सोबत आहोत, नाही ठरवलं तरी आहोत. शरीर त्यांचं आहे, निर्णयही त्यांचाच.