दोन भिंगांचा कॅमेरा : अस्सल कोणता, जुळवलेला कोणता?

आजोबांच्या कपाटातून, बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावरून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून दोन भिंगांचा कॅमेरा बाहेर निघाला, की त्याच्यासोबत एक कहाणीही निघते. ‘जर्मन माल आहे, युद्धाच्या आधीचा आहे, असा आता मिळत नाही.’ सांगणारा खोटंच बोलत असतो असं नाही. बहुतेक वेळा त्यालाही कुणीतरी हेच सांगितलेलं असतं. पण वरचं झाकण उघडून, मान खाली घालून बघायच्या या ट्विन लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे टीएलआर कॅमेऱ्याला पुन्हा मागणी आली आहे आणि ऐकीव माहितीवर पैसे मोजणारेही वाढले आहेत.

पहिली भीती असते ती नकली मालाची. नावाजलेला जर्मन टीएलआर रोलीफ्लेक्स मुळापासून नकली बनवायचा तर इतके बारीक सुटे भाग घडवावे लागतील, की तो धंदा आतबट्ट्याचाच होईल. फसगत होते ती दुसरीकडे. मॉडेलचं नाव चुकीचं सांगितलं जातं, दोन-तीन मोडक्या कॅमेऱ्यांतून एक धडका उभा केला जातो, किंवा साध्या कॅमेऱ्याला भारी इतिहास चिकटवला जातो. जुनी मोटार घेताना इंजिन आणि बॉडी एकाच गाडीची आहेत का ते बघतात, तसंच इथे बघायचं. कॅमेऱ्याचे सगळे भाग एकाच काळातले आहेत का, हा खरा प्रश्न.

‘वर २.८ लिहिलंय, म्हणजे हा २.८ चा महागडा रोलीफ्लेक्स’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. टीएलआरमध्ये वरचं भिंग फक्त बघण्यासाठी असतं. त्यातून आलेली प्रतिमा आतल्या तिरक्या आरशावरून वरच्या घासलेल्या काचेवर पडते, उजव्याचं डावं होऊन. फोटो निघतो तो खालच्या भिंगातून. काचेवरचं चित्र उजळ दिसावं म्हणून कंपन्या वरचं भिंग मुद्दाम जास्त प्रकाश घेणारं, म्हणजे लहान आकड्याचं देत. रोलीफ्लेक्स ३.५ च्या बऱ्याच मॉडेलांवर वर ‘हायडोस्मॅट २.८’ असतं आणि खाली ३.५ चं टेसार, प्लानार किंवा झेनोटार. याशिका-मॅट १२४ जी मध्येही वर २.८ आणि खाली ३.५. जाहिरातीत वरचा आकडा ठळक छापला, की साडेतीनचा कॅमेरा बसल्या जागी २.८ चा होतो. तेव्हा आधी खालच्या भिंगाच्या कडेचा मजकूर वाचायचा. जोडीला भिंगाभोवतीचं फिल्टर बसवायचं बायोनेट बघायचं. रोलीच्या २.८ च्या जवळजवळ सगळ्या मॉडेलांना मोठं, तिसऱ्या मापाचं बायोनेट असतं. टेसारवाल्या साडेतीनच्या मॉडेलांना सगळ्यात लहान, पहिल्या मापाचं. कडेवरचं नाव बदलता येतं, बायोनेटचं माप बदलणं अवघड.

‘दोन्ही भिंगांचे नंबर जुळले पाहिजेत’

नाही. ते कधीच जुळत नसत. रोलीफ्लेक्स बनवणारी फ्रांके अँड हायडेके ही ब्राउनश्वाइगची कंपनी. फोटोचं भिंग ती झाइस किंवा श्नायडरकडून घेई आणि त्यावर नंबर भिंग बनवणाऱ्याचा असे. वरच्या भिंगाला वेगळा नंबर, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा नंबर आणखी वेगळा, बहुतेक मॉडेलांत वरच्या भिंगाच्या डोक्यावरच्या पाटीपाशी. एकाच कॅमेऱ्यावर तीन निरनिराळे आकडे दिसले तर तीच रीत आहे.

नंबर उपयोगी पडतात ते वय ताडून बघायला. भिंग कारखान्यात आधी येणार आणि कॅमेऱ्यात नंतर बसणार, म्हणून भिंगाच्या नंबरातून निघणारं साल कॅमेऱ्याच्या सालाइतकं किंवा थोडं आधीचं हवं. भिंग कॅमेऱ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण निघालं, तर ते मागाहून बसवलेलं आहे. यात फक्त संग्राहकाची हळहळ नाही, कामाचाही प्रश्न आहे. कारखान्यात वरच्या आणि खालच्या भिंगाची नाभीय लांबी जुळवून जोडी लावत. एकच भिंग बदललं, तर काचेवर डोळे लख्ख दिसतील आणि फिल्मवर कान.

हे घरी तपासता येतं. मागचं दार उघडा, शटर ‘बी’ वर ठेवून उघडं धरा, भिंगाची झडप पूर्ण मोकळी करा. फिल्म जिथे ताणली जाते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताठ बसवा. कॅमेरा लांबच्या टॉवरकडे किंवा पाण्याच्या टाकीकडे धरून, वरच्या काचेत ती वस्तू स्पष्ट करा. आता मागे कागदावर बघा. तिथेही तितकीच स्पष्ट असेल तर जोडी ठीक. मग फोकसचं चाक फिरवून भिंगांची पाटी पूर्ण पुढे काढा आणि पाटी व पेटी यांच्यातली फट चारही बाजूंनी निरखा. एका कोपऱ्यात फट जास्त असेल तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे.

‘डीआरपी लिहिलंय, म्हणजे युद्धापूर्वीचा’

अर्धं खरं. पाटीवरची डीआरपी आणि डीआरजीएम ही अक्षरं जर्मन राइशच्या काळातल्या पेटंटची आणि नोंदलेल्या रचनेची. पश्चिम जर्मनीचं संघराज्य १९४९ मध्ये झाल्यावर त्यांच्या जागी डीबीपी आणि डीबीजीएम आली. म्हणून डीबीपी असलेल्या पाटीचा कॅमेरा १९३८ चा असूच शकत नाही, विकणारा कितीही शपथेवर सांगो. उलट बाजू मात्र तितकी पक्की नाही, कारण युद्ध संपल्यावरही काही वर्षं जुन्याच अक्षरांच्या पाट्या लागत होत्या. दुसरा पुरावा भिंगाचा. ‘झाइस-ऑप्टॉन’ हे नाव कंपनीची जेना आणि ओबरकोखेन अशी फाळणी झाल्यानंतरचं, पश्चिमेकडचं. फ्लॅशची पिन बघून फसू नका. जुन्या कॅमेऱ्यांना ती मागाहून बसवून घेण्याची पद्धतच होती.

फिल्म पुढे सरकवायची चावी बघणं त्याहून सोपं. रोलीफ्लेक्सला बाजूला दुमडणारा हँडल आला तो १९३२ च्या मॉडेलपासून. १९२९ च्या पहिल्या मॉडेलला तो नव्हता, आणि तो एकशेवीसच्या रोलवर नव्हे तर ११७ वर चाले. फिल्म घातल्याचं दोन रुळांमधून आपोआप ओळखणारं ऑटोमॅट आलं १९३७ मध्ये. स्वस्तातल्या रोलीकॉर्डला मात्र शेवटपर्यंत गोल घुंडीच. घुंडीवाला कॅमेरा रोलीफ्लेक्स म्हणून विकायला आला तर तो बहुतेक फार जुना असेल किंवा रोलीकॉर्ड असेल, त्यातही दुसरंच जास्त शक्य.

आणि हो, टीएलआरचा शोध रोलीने लावला हेही खरं नाही. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीचा दोन भिंगांचा ‘कार्लटन’ १८८५ मध्येच बाजारात होता. रोलीने तो लहान आणि रोलफिल्मचा केला, हेही काही थोडं नाही.

‘दोन भिंगं आहेत ना, मग टीएलआरच’

कोडॅकचा डुआफ्लेक्स असाच दिसतो, पण त्याचं वरचं भिंग म्हणजे नुसती बघायची खिडकी. त्याचा फोकसशी संबंध नाही. १९३२ चा पहिला फोग्टलेंडर ब्रिलियंटही तसाच, अंतर अंदाजाने लावायचा. रशियन लुबितेलमध्ये दोन्ही भिंगं दात्यांनी जोडलेली असल्यामुळे फोकस होतो, पण घासलेली काच मधल्या टिकलीपुरती. हे वाईट कॅमेरे नाहीत. रोलीच्या भावाने घेऊ नयेत, इतकंच.

‘जपानी म्हणजे नक्कल’

मिनोल्टा ऑटोकॉर्ड, याशिका, रिकोफ्लेक्स यांनी रोलीचा आराखडा उचलला, पण स्वतःच्या नावाने विकला. त्यांना नकली म्हणणं अन्याय आहे. माझ्या मते चांगल्या अवस्थेतला ऑटोकॉर्ड थकलेल्या रोलीपेक्षा केव्हाही बरा. फक्त भिंगाखालचा फोकसचा दांडा कडक झाला असेल तर जोर लावू नका, तो मोडतो. याशिकात १२ आणि २४ अशी दोन मॉडेलं होती, एक एकशेवीसच्या रोलचं आणि दुसरं दोनशेवीसच्या. १९६८ मध्ये दोन्ही एकत्र करून १२४ आलं. नंतरच्या १२४ जी मधला ‘जी’ सोन्याचा खरा, पण ते सोनं विजेच्या जोडांवरच्या मुलाम्यापुरतं. त्यासाठी जास्त पैसे मागणाऱ्याला हसून नमस्कार करावा. शिवाय या याशिकांचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं होतं, आणि ते सेल आता बनत नाहीत. १.५ व्होल्टच्या सेलवर काटा हलतो, पण सांगतो ते बरोबर असेलच असं नाही.

‘हा रंग कंपनीचा नाही’

गंमत म्हणजे खऱ्या मालावरच हा संशय घेतला जातो. १९३३ च्या पहिल्या रोलीकॉर्डवर काळं कातडं नव्हतं. नक्षीदार, निकेलच्या मुलाम्याचे चकचकीत पत्रे होते. आज तो कुणीतरी हौसेने सजवलेला वाटतो. करड्या रंगाचा रोलीफ्लेक्स टी आणि १९५७ चा करडा लहान ‘बेबी’ हेही कारखान्यातूनच तसे निघालेले.

संशय घ्यायचा तो मागाहून कोरलेल्या चिन्हांवर. लायकाच्या बाबतीत हा उद्योग कुप्रसिद्धच आहे: लायकाच्या सोव्हिएत नकला असलेल्या फेड आणि झोर्कींवर स्वस्तिक, लष्करी शिक्के, बर्लिन ऑलिम्पिक, हवं ते कोरून मिळतं. टीएलआरवर असं काही दिसलं तर कोरीव काम जुन्या रंगाखालून आलंय की रंग कापून गेलंय, ते भिंगातून बघा. कागदपत्र नसेल तर त्या चिन्हाची किंमत शून्य धरा. नामवंतांच्या नावांचंही तेच. शिकागोच्या व्हिव्हियन मायरची छायाचित्रं उजेडात आली आणि रोलीफ्लेक्सचे भाव चढायला लागले. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावालाही रोलीफ्लेक्स वापरत. म्हणून तुमच्यासमोरचा कॅमेरा तशाच हातांतून आला असं होत नाही.

‘क्लिक आवाज येतो, म्हणजे चालू आहे’

एक पाचशेचा आवाज सगळेच करतात. एक सेकंदावर लावून ऐका. दाता अडखळला किंवा पाती अर्धवट उघडी राहिली तर तेल वाळलेलं आहे. जुन्या कॉम्पर-रॅपिड शटरमध्ये पाचशेचा वेग शटर चढवण्याआधी लावायचा, नंतर जबरदस्ती नाही. मग मागून टॉर्च मारून खालच्या भिंगातून बघा. कोकण, मुंबई, गोवा इथल्या पावसाळ्यांत कातडी पिशवीत पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात बुरशीची जाळी जवळजवळ ठरलेलीच. वरच्या थरावरची निघते. लेप खाल्लेला असेल तर डाग राहतात.

घरात असा कॅमेरा असेल तर पाटीला ब्रासो लावू नका, भिंग रुमालाने घासू नका, कातडी पिशवी वेगळी ठेवा. एकशेवीसचे रोल आजही बनतात. विकायचा विचार करण्याआधी एक रोल घालून बघा.