परसातील कोंबडीची पिल्ले : खरेदी आणि संगोपन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा धुवाधार पाऊस, मध्यभागी प्रवरेच्या पाण्यावर पोसलेला उसाचा हिरवा पट्टा, तर पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत यांसारखे पावसाची वाट पाहणारे तालुके, असे या जिल्ह्याचे स्वरूप आहे. शेती इतकी भिन्न असली तरी एक दृश्य मात्र सर्वत्र सारखेच आढळते. घरामागील परसात डालग्याखाली झाकलेल्या चार-सहा कोंबड्या जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात दिसतात.

या कोंबड्यांचे घरातील स्थान त्यांच्या संख्येवरून मोजता येत नाही. पाऊस हुकला तरी अंडी मिळतात. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटात उत्तम प्रथिने येतात. अंडी विकून आलेले चार पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतात आणि त्यातून वह्या, औषध, मीठ-मिरची यांची सोय होते. म्हणूनच बचत गटातील भगिनी पहिला लहानसा उद्योग निवडताना शेळी किंवा कोंबडी यांचाच विचार करतात. परंतु मोठ्या आशेने आणलेली पिल्ले पहिल्या पंधरवड्यातच एकामागून एक मरतात आणि गुंतविलेली रक्कम मातीमोल होते, असाही अनुभव पुष्कळ घरांना येतो. ही हानी बहुतांशी टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात देत आहोत.

कोणती जात निवडावी?

आपली गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. अंडी थोडी असली तरी ती काटक असते, शत्रूपासून स्वतःचा बचाव करते आणि मुख्य म्हणजे खुडूक होऊन स्वतःची पिल्ले स्वतः उबविते. अंडी व मांस या दोहोंसाठी संशोधन संस्थांनी काही सुधारित जाती विकसित केल्या आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘गिरिराज’ ही जात दिली. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने ‘वनराज’ आणि ‘ग्रामप्रिया’ या जाती दिल्या. परसात वनराज सुमारे १०० ते १२०, गिरिराज सुमारे १३० ते १५०, तर ग्रामप्रिया त्याहून काहीशी अधिक अंडी देऊ शकते. मात्र या जाती सहसा खुडूक होत नाहीत. त्यांच्या अंड्यांपासून घरीच पिल्ले काढली तरी पुढच्या पिढीत मूळचे गुण तसेच उतरत नाहीत. म्हणजे प्रत्येक वेळी नवी पिल्ले विकत आणणे ओघानेच आले.

या संदर्भात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण मननीय आहे. देशी बियाण्यांच्या जतनासाठी ‘बीजमाता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाईंना २०२० साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली. ‘बायफ’शी संलग्न संस्थेच्या साहाय्याने त्यांनी परसातील कोंबडीपालनही शिकून घेतले. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हवामानाशी जुळवून घेतलेले वाण हातचे घालवू नये, हा बियाण्यांच्या बाबतीतील विचार कोंबडीच्या बाबतीतही तितकाच खरा आहे. त्यामुळे सुधारित पिल्ले आणली तरी दोन-तीन गावरान कोंबड्या घरी अवश्य राखाव्यात. वीज नसलेल्या वस्तीवर तर खुडूक कोंबडीच सर्वोत्तम होय. तिच्याखाली आठवड्यापेक्षा जुनी नसलेली दहा-बारा फलित अंडी ठेवल्यास २१ दिवसांत पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांना ऊब देण्याचे काम आई स्वतःच करते.

खरेदी करताना

पिल्ले तीन वयांत मिळतात. एक दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात, परंतु त्यांचे संगोपन सर्वांत अवघड असते. चार आठवड्यांची, ऊब देऊन व लसीकरण करून वाढविलेली पिल्ले महाग असतात, पण नवख्या कुटुंबासाठी अधिक सुरक्षित ठरतात. आठ ते दहा आठवड्यांच्या मादी पक्ष्यांना ‘तलंगा’ म्हणतात. त्यांना कृत्रिम उबेची गरज उरत नाही. शासनाच्या योजनांची रचनाही या वयांनुसार झालेली आढळते. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत एक दिवसाच्या १०० पिल्लांचा गट किंवा २५ तलंगा व ३ नर यांचा गट अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. केंद्र शासनाच्या २००९-१० पासूनच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना चार आठवड्यांची ४५ पिल्ले टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत होती. कोणती योजना सध्या चालू आहे, याची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीत करावी. जिल्ह्यातील बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रांतही मार्गदर्शन मागता येते.

एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी साधारण निम्मेनिम्मे असतात, हे हिशेबात धरावे. पन्नास पिल्ले आणली म्हणजे पन्नास अंडी देणाऱ्या कोंबड्या झाल्या, असे नव्हे. नर तीन-चार महिन्यांत विक्रीयोग्य होतात. आखाडात किंवा नाताळाच्या सुमारास त्यांना चांगली मागणी असते. त्या दृष्टीने पिल्ले आणण्याचा महिना आधीच ठरवावा.

उबवणी केंद्रातून पिल्ले घेताना ती एकाच दिवशी जन्मलेली आहेत ना आणि पहिल्या दिवसाची मॅरेक्स लस दिली आहे ना, हे विचारून घ्यावे. निरोगी पिल्लू चपळ असते. त्याचे डोळे चमकदार, पाय सरळ, बेंबी कोरडी व मिटलेली आणि गुदद्वार स्वच्छ असते. ओली बेंबी, सुजलेले पोट किंवा मागील बाजूस चिकटलेली पांढरी विष्ठा दिसल्यास ते पिल्लू घेऊ नये.

आठवडे बाजारात आणि जत्रेत गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रंगांत बुडविलेली पिल्ले विकावयास येतात. मुलांच्या हट्टाखातर ती घेतली जातात. ही बहुधा अंड्यांच्या जातीची नर पिल्ले असतात. ती उबवणी केंद्राच्या उपयोगाची नसल्याने बाहेर विकली जातात. लस नाही, ऊब नाही, प्रवासाचा ताण मात्र भरपूर, त्यामुळे त्यांतील बहुतेक काही दिवसांतच मरतात. मुका जीव हे खेळणे नव्हे, ही शिकवण मुलांना देण्याची संधी म्हणून या प्रसंगाकडे पाहावे.

पिल्ले येण्यापूर्वी

पिल्लांची खोली किंवा कोपरा एक आठवडा आधी स्वच्छ करून चुना लावून घ्यावा. जमिनीवर दोन ते तीन इंच जाडीचा थर अंथरावा. त्यासाठी अकोल्याकडे भाताचे तूस, इतरत्र लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची बारीक केलेली टरफले चालतात. थर कोरडा असणे महत्त्वाचे आहे. त्यावर पहिले दोन-तीन दिवस खरखरीत कागद पसरावा आणि तो रोज बदलावा, म्हणजे पिल्ले भुसा खात नाहीत. सभोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. चौकोनी जागेत थंडी वाजताच पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. गोल कड्यात हा धोका राहत नाही.

पहिले तीन आठवडे : उबेचे महत्त्व

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर मऊ लव असते, खरी पिसे नसतात. स्वतःच्या शरीराचे तापमान राखण्याची शक्ती त्याला दोन-तीन आठवड्यांनंतर हळूहळू येते. तोपर्यंत आईच्या पंखाखालची ऊब आपणच पुरवावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे. नंतर दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करीत जावे.

यासाठी प्रत्येक पिल्लामागे एक ते दोन वॅट असा हिशेब धरतात. पन्नास पिल्लांसाठी शंभर वॅटचा एक दिवा लावण्यापेक्षा साठ वॅटचे दोन दिवे लावावेत. एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आता घरोघरी एलईडी दिवे आले आहेत. ते उजेड देतात, पण पिल्लांना पुरेल इतकी ऊब देत नाहीत. जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा किंवा खास उष्णता देणारा इन्फ्रारेड दिवाच वापरावा. तो जमिनीपासून एक ते दीड फूट उंचीवर टांगावा आणि भुशावर पडून आग लागणार नाही अशा बेताने पक्का बांधावा.

तापमापक नसला तरी पिल्लेच आपल्याला सांगतात. ती दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट करीत असतील तर ऊब कमी पडते आहे. दिव्यापासून दूर जाऊन चोची उघडून धापा टाकीत असतील तर ऊब अधिक झाली आहे. सर्व एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक येत आहे. कड्यात सर्वत्र विखुरलेली, खात-पीत व झोपत असतील, तर सारे ठीक आहे. रात्री झोपण्यापूर्वी व पहाटे एकदा हे पाहणे अत्यावश्यक होय.

आपल्या जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान पुष्कळदा १० अंशांच्या खाली उतरते. या दिवसांत चार-पाच आठवडे ऊब द्यावी लागते. उलट एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा उष्माघाताचे भय असते. म्हणून नवख्यांनी पावसाळा ओसरल्यावर किंवा फेब्रुवारीत पिल्ले आणणे सोयीचे. वीज गेल्यास राखेने झाकलेल्या निखाऱ्यांची शेगडी जाळी लावून ठेवता येते, परंतु खोली पूर्ण बंद करू नये. कोळशाचा विषारी वायू पिल्लांना व माणसांनाही मारक असतो. जाड कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या हा अधिक सुरक्षित उपाय आहे.

ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांनी विशेष विचार करावा. दिवाळीच्या सुमारास कोपीवर जावयाचे असेल, तर त्याच्या तोंडावर एक दिवसाची पिल्ले घेऊ नयेत. प्रवासात ऊब व लस दोन्ही हुकतात.

पाणी व खाद्य

अंड्यातील बलकाचा शिल्लक भाग पोटात असल्याने पिल्लू दोन दिवस अन्नाविना तग धरते, म्हणूनच त्याची वाहतूक शक्य होते. परंतु घरी येताच प्रथम पाणी द्यावे. कोमट पाण्यात थोडा गूळ किंवा ग्लुकोज घालून प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवावी, म्हणजे त्यास पाण्याची ओळख होते. पसरट भांड्यात स्वच्छ खडे टाकावेत, जेणेकरून पिल्ले बुडणार नाहीत. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. पहिल्या सहा आठवड्यांत एक पिल्लू साधारण एक ते दीड किलो खाद्य खाते. पन्नास पिल्लांसाठी ५० ते ७५ किलो खाद्याची तरतूद असल्याशिवाय खरेदी करू नये. बुरशी आलेला मका किंवा पेंड स्वस्त मिळाली तरी घालू नये. त्यातील विष यकृतावर आघात करते.

लसीकरण व रोग

परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे राणीखेत, ज्याला खेड्यात मानमोडी म्हणतात. त्यावर औषध नाही. लस हाच उपाय आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांत देवी व राणीखेतची पुढील लस, असा सर्वसाधारण क्रम आहे. स्थानिक पशुवैद्यकांच्या सल्ल्याने तो निश्चित करावा. लस बर्फावर आणावी, सायंकाळी द्यावी आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात. वीस पिल्लांसाठी ती परवडत नाही म्हणून लस टाळली जाते आणि तेथेच घात होतो. चार-पाच शेजारणींनी एकाच दिवशी एक कुपी आणून सर्वांच्या पिल्लांना लस दिली, तर प्रत्येकीस ती अल्प खर्चात मिळते.

तिसऱ्या आठवड्यानंतर रक्ती हगवण आढळल्यास भुसा ओला झाला आहे असे समजून तो तत्काळ बदलावा व पशुवैद्यकांकडून औषध घ्यावे. अचानक अनेक पक्षी मेल्यास ते खाऊ अगर विकू नयेत, उघड्यावर फेकू नयेत आणि दवाखान्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला, तेव्हा लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. वेळीच दिलेली सूचना गावाचे रक्षण करते.

फसव्या जाहिरातींपासून सावध

मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची कीर्ती सर्वत्र पसरली. त्याचाच लाभ उठवून भरमसाट परताव्याच्या आमिषाने पिल्ले विकण्यात आली. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून उघडकीस आलेल्या कडकनाथ घोटाळ्यात राज्यातील हजारो शेतकरी पोळले. यात दोष कोंबडीचा नव्हता. पिल्ले, खाद्य व अंड्यांची खरेदी या तिन्ही बाबी एकाच कंपनीच्या हाती सोपवून आगाऊ पैसे भरणे, हे त्यामागील कारण होते. जी अंडी गावच्या बाजारात विकता येणार नाहीत, त्यांच्यासाठी कर्ज काढू नये, हा साधा नियम पाळावा.

प्रारंभ वीस-पंचवीस पिल्लांनी करावा. सहा आठवड्यांनंतर पिल्ले दिवसा मोकळी सोडावीत, मात्र रात्री मुंगूस व मांजर शिरणार नाही अशा खुराड्यात कोंडावीत. एका वहीत पिल्लांची किंमत, खाद्य, लस, मेलेले पक्षी आणि विकलेली अंडी यांची नोंद ठेवावी. वर्षाअखेरीस ती वही पाहून पुढच्या खेपेस पन्नास घ्यावीत की वीसच पुरेत, याचा निर्णय घरातील भगिनींनी स्वतःच घ्यावा.